पोटकंत्राटावरची कंटेनर गाडी : वडोदऱ्यातल्या एका मालक-चालकाची वही

एप्रिल २०२२ मध्ये मी मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या डिस्पॅच विभागातली नऊ वर्षांची नोकरी सोडली, चाळीस फुटी ट्रेलरसह एक वापरलेली गाडी घेतली आणि ती वडोदऱ्यातल्याच एका वाहतूकदाराकडे लावली. आमच्या धंद्यात याला ‘गाडी अटॅच करणे’ म्हणतात. गाडी माझी, हप्ता माझा, स्टिअरिंगवरही मीच. मात्र ग्राहक वाहतूकदाराचा, बिल्टी (माल वाहून नेण्याची पावती) त्याची आणि भाडे किती हे ठरवणाराही तोच. असे करणे परवडते का, हा प्रश्न मला दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यापासून महामार्गावरच्या ढाब्यापर्यंत इतक्यांनी विचारला आहे की आता वहीतले आकडे सविस्तर लिहून ठेवावेत असे वाटते.

वही म्हणजे खरोखरच एक वही आहे. ती माझी पत्नी लिहिते. ती शाळेत गणित शिकवते आणि पहिल्या दिवशीच तिने उजव्या पानावर पैसे व डाव्या पानावर तास अशी विभागणी केली होती. तास कशाला लिहायचे, हे मला तेव्हा कळले नव्हते. पुढे जे काही कळले ते त्या डाव्या पानामुळेच.

बाबा गुजरातच्या एसटीत एकतीस वर्षे चालक होते. जड वाहन चालवायला त्यांनीच मला शिकवले, त्यामुळे परवाना चोविसाव्या वर्षापासून माझ्याजवळ होता. कारखान्यात असताना रोज आठ-दहा कंटेनर भरून सील लावून मी बाहेर पाठवत असे आणि कोणत्या गाडीला आमची कंपनी किती भाडे देते, हेही मला दिसत असे. तो आकडा बघूनच मी नोकरी सोडण्याचे मनावर घेतले. कंपनी देते त्या भाड्यातले गाडीवाल्याच्या हातात किती पोहोचते, हे डिस्पॅचच्या टेबलावरून दिसत नाही, एवढे मात्र माझ्या ध्यानात आले नाही.

गाडी २०१९ ची होती. पुढचा घोडा, म्हणजे ओढणारा ट्रक, दोन ॲक्सलचा, मागची ट्रॉली तीन ॲक्सलची, एकूण टायर अठरा. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने ॲक्सलवरील वजनाची मर्यादा वाढवली, त्यानुसार अशा जोडीचे एकूण वजन ४५.५ टनांपर्यंत चालते. त्याआधी ते ४०.२ टन होते. घोडा आणि ट्रॉली मिळून किंमत साडेबावीस लाख ठरली. साडेसहा लाख आम्ही साठवणीतले आणि माझ्या भविष्यनिर्वाह निधीतले घातले, सोळा लाखांचे कर्ज साडेतेरा टक्क्यांनी अठ्ठेचाळीस महिन्यांसाठी घेतले आणि हप्ता ४३,३२२ रुपये बसला. नोकरीत माझा पगार एकतीस हजार होता. म्हणजे गाडीने दर महिन्याला आधी माझ्या पगारापेक्षा मोठी रक्कम वित्तसंस्थेला द्यायची आणि त्यानंतर घर चालवायचे, अशी ही सुरुवात होती.

वर्षाचा ठरलेला खर्चही आधीच मांडून घ्यावा लागतो. चाळीस टनांवरच्या मालवाहू गाडीसाठी तृतीय पक्ष विम्याचा हप्ता जून २०२२ मध्ये ४४,२४२ रुपये झाला आणि त्यावर तेव्हा बारा टक्के जीएसटी होता. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा वेगळा. नॅशनल परमिटचे वर्षाला १६,५०० रुपये. त्यात फिटनेस, पीयूसी आणि किरकोळ कागदपत्रे धरली की गाडी एक किलोमीटरही न हलता वर्षाला ९८ हजार जायचे.

पहिले वर्ष मी जवळजवळ पूर्णपणे मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदराच्या फेऱ्या केल्या. कामाची रीत अशी असे. वडोदऱ्याच्या उत्तरेला दशरथजवळच्या यार्डातून रिकामा डबा, म्हणजे कंटेनर, उचलायचा, सावली, वाघोडिया किंवा हालोलकडच्या कारखान्यात नेऊन भरून घ्यायचा, निर्यातदाराने ई-सील लावले की कागद घेऊन निघायचे, बंदरात आत जाण्यासाठी फॉर्म-१३ हातात येईपर्यंत बाहेर थांबायचे, डबा उतरवायचा आणि परत फिरायचे. वडोदऱ्याहून जाऊन-येऊन सुमारे ८९० किलोमीटर होतात. भरथाणा, मांडवा, चोऱ्यासी, बोरियाच, बगवाडा, चारोटी आणि खानिवडे असे सात टोलनाके वाटेत लागतात. चिंचोटीहून कामणमार्गे भिवंडीला जायचे की घोडबंदरहून ठाण्याला, हे जड वाहनांना दिवसा कुठे बंदी आहे त्यावर ठरते. तिथून पुढे मुंब्रा बायपास, कळंबोली आणि उरणचा रस्ता.

वाहतूकदार या फेरीचे मला ३८,५०० रुपये देत असे. भरलेली गाडी लिटरला ३.३ किलोमीटर आणि रिकामी साडेचार किलोमीटर देत होती, म्हणजे फेरीला सुमारे २३१ लिटर डिझेल लागायचे. ९२ रुपयांच्या भावाने त्याचे सव्वाएकवीस हजार झाले. दोन्ही बाजूंचा टोल मिळून आठ हजार, धूर स्वच्छ करण्यासाठी इंजिनाला लागणाऱ्या युरियाचे सहाशे, जेवण, पार्किंग, हवा-पंक्चर आणि चहापाण्याचे साडेचौदाशे. एकूण ३१,३०० वजा जाता हातात ७,२०० उरत. यात टायरची झीज, दुरुस्ती, विमा किंवा हप्ता काहीही धरलेले नाही. महिन्याला सहा फेऱ्या झाल्या तर ४३,२०० रुपये. हप्ता ४३,३२२.

हे गणित मला दुसऱ्याच महिन्यात दिसले आणि तरीही मी वर्षभर तेच करत राहिलो, कारण प्रत्येक वेळी वाटे की पुढच्या महिन्यात सातवी फेरी होईल, किंवा परतीला आयातीचा भरलेला डबा मिळेल. परतीचे भाडे मिळाले की खर्च जाऊन नऊ हजारांची भर पडत असे, आणि वर्षभरात ते चौदा वेळा मिळालेही. पण सातवी फेरी कधी झाली नाही. ती का होत नाही, याचे उत्तर वहीच्या डाव्या पानावर होते.

रिकामा डबा उचलल्यापासून गाडी परत वडोदऱ्यात येईपर्यंत सरासरी ब्याण्णव तास लागत होते आणि त्यांपैकी चाके फिरलेले तास चोवीस होते. उरलेले अडुसष्ट तास मी कुठे होतो? यार्डात डबे उचलणाऱ्या यंत्राची, रीच स्टॅकरची, वाट बघत होतो, कारखान्यात माल तयार नसल्यामुळे दाराशी उभा होतो, जांबुवाच्या अरुंद पुलावरच्या कोंडीत होतो, ठाण्याबाहेर बंदीची वेळ संपण्याची वाट बघत होतो, जासई ते करळ फाटा या पट्ट्यात रस्त्याच्या कडेला होतो. फेरीचे ७,२०० रुपये ब्याण्णव तासांनी भागले तर ताशी ७८ रुपये होतात, आणि त्यातून हप्ता अजून जायचा असतो. बाबांनी तो आकडा वाचला आणि एवढेच म्हणाले, “अरे, एसटीत आम्ही डेपोत बसून राहिलो तरी पगार मिळायचा. तुला उभं राहण्याचे पैसे कोण देणार आहे?”

उभे राहण्याचे पैसे कागदावर होते. त्यांना हॉल्टिंग म्हणतात आणि आमच्या तोंडी करारात ते चोवीस तासांनंतर दिवसाला पंधराशे रुपये असे ठरले होते. पण त्यामागे एक अट होती, जी मला तिसऱ्या बिलाच्या वेळी कळली. निर्यातदाराने वाहतूकदाराला हॉल्टिंग दिले, तरच वाहतूकदार मला देणार. निर्यातदाराशी माझे काहीच नाते नाही, त्याच्याशी वाद घालण्याचा मला हक्क नाही आणि माझी गाडी त्याच्या दारात किती तास उभी होती याची नोंद त्याच्याच गेटच्या वहीत आहे. पोटकंत्राटाची सगळी अडचण या एका अटीत आहे असे मला वाटते. उशीर करणारा वेगळा, उशिराचा पैसा अडकवणारा वेगळा, आणि त्याची झळ लागते ती या दोघांच्याही खाली असलेल्याला.

वाहतूकदाराविषयी मी अन्याय करू इच्छित नाही. त्याचे पैसेही साठ-नव्वद दिवस कंपन्यांकडे अडकलेले असत, आणि माझ्यासारख्या बावीस गाड्यांना दर फेरीला डिझेलची आगाऊ रक्कम तो स्वतःच्या खिशातून देत होता. भाड्याच्या सत्तर टक्के रक्कम निघताना आणि उरलेली पोहोच-पावती दिल्यावर पंचेचाळीस दिवसांनी, असे ठरले होते. पहिल्या वर्षी ती सरासरी पंच्याहत्तर दिवसांनी आली. सहा फेऱ्यांचे भाडे २,३१,००० रुपये, त्यातले तीस टक्के म्हणजे ६९,३०० दर महिन्याला मागे राहणार आणि ते अडीच महिने साचणार. म्हणजे माझे सुमारे पावणेदोन लाख रुपये कायम दुसऱ्याच्या खात्यात होते. ती पोकळी भरण्यासाठी पत्नीच्या चार पाटल्या सोनेतारणात ठेवल्या. त्याचे व्याज महिन्याला सतराशेच्या आसपास होते, पण पाटल्या ठेवायला बँकेत गेलो तो दिवस मला व्याजापेक्षा जास्त जड गेला.

डब्याच्या नुकसानीचा एक अनुभव इथे सांगतो, कारण त्याने माझी कामाची पद्धत बदलली. ऑगस्ट २०२२ मध्ये आयातीचा डबा रिकामा करून यार्डात परत केला, तेव्हा तपासनिसाने ईआयआरवर, म्हणजे डबा देण्या-घेण्याच्या पावतीवर, छताला छिद्र आणि तळाची फळी तुटलेली अशी नोंद केली. मी तो डबा बंदरातून उचलला तेव्हा छत पाहिलेच नव्हते. ट्रेलरवर चढून साडेनऊ फुटी डब्याचे छत पाहणार तरी कसे? महिन्याभराने माझ्या बिलातून साडेनऊ हजार कापून आले. एका फेरीच्या कमाईपेक्षा ती रक्कम मोठी होती. त्यानंतर एका जुन्या चालकाने सांगितले ते मी आजवर कधी चुकवलेले नाही. रिकाम्या डब्यात आत उभे राहून दरवाजे ओढून घ्यायचे. पूर्ण अंधारात जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथे छिद्र आहे. आयातीचा भरलेला डबा आतून बघता येत नाही, तेव्हा चारी बाजूंचे, दरवाजाच्या दांड्यांचे आणि सीलचे फोटो गेट सोडण्यापूर्वी काढायचे आणि ईआयआरवर जुनी नोंद करून घेतल्याशिवाय हलायचे नाही. मागच्या गाड्या हॉर्न वाजवतात, तरीही हलायचे नाही.

करांच्या बाबतीत मालक-चालकाला बऱ्याच सवलती आहेत आणि त्या न घेतल्यामुळे पैसे अडकतात. दहापर्यंत मालवाहू गाड्या असणाऱ्याने पॅनसह लेखी प्रतिज्ञापत्र दिले की १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १९४सी खाली भाड्यातून टीडीएस कापायचा नसतो. मला हे माहीत नव्हते, म्हणून पहिल्या दोन बिलांतून एक टक्का गेला आणि तो विवरणपत्र भरल्यावर परत मिळाला. बिल्टी वाहतूकदार काढतो आणि मी त्याला गाडी भाड्याने देतो, त्यामुळे माझ्या भाड्यावर जीएसटी नाही. त्याच कायद्याचे कलम ४४एई मात्र नीट समजून घ्यावे लागते. बारा टनांवरच्या गाडीसाठी दर टनाला महिना एक हजार रुपये उत्पन्न गृहीत धरले जाते, म्हणजे माझ्या गाडीचे वर्षाला ५,४६,००० रुपये. प्रत्यक्षात तेवढे मिळवले नसले तरी कमी दाखवायचे तर पूर्ण हिशेबपुस्तके ठेवून लेखापरीक्षण करून घ्यावे लागते. विम्याच्या आणि इतर वजावटीनंतर माझे उत्पन्न पाच लाखांच्या आत येऊन कर शून्य झाला, म्हणून मी गृहीत उत्पन्नच दाखवले. पण बँकेच्या माणसाने तो कागद बघून “तुमचं तर बरं चाललंय” असे म्हटले, तेव्हा त्याला काय सांगावे ते मला सुचले नाही.

मार्च २०२३ अखेर आम्ही दोघांनी वर्षाची बेरीज मांडली. चौसष्ट फेऱ्यांचे ४,६०,८०० आणि परतीच्या चौदा भाड्यांचे १,२६,००० मिळून ५,८६,८००. अकरा हप्त्यांचे ४,७६,५४२ गेले, विमा-परमिटचे ९८ हजार गेले, सहा नवे टायर, क्लच प्लेट आणि कमानपाट्यांच्या कामाचे एक लाख चौतीस हजार गेले. तूट एक लाख बावीस हजारांच्या जवळ. वर्षभरात जे थोडे हॉल्टिंग मिळाले, ते सोनेतारणाच्या व्याजात आणि त्या कापलेल्या साडेनऊ हजारांत संपले. पत्नीने पेन खाली ठेवून विचारले, “तुमचा पगार या वहीत कुठे लिहायचा?”

मी तिला म्हटले की हप्त्यातून पावणेतीन लाखांहून जास्त मुद्दल फिटले आहे, ती आपली बचतच आहे. तिने ते मान्य केले आणि मग विचारले की गाडी आज विकली तर किती येतील. बाजारात चौकशी केली, तर घेतली तेव्हापेक्षा अडीच लाख कमी सांगत होते. म्हणजे मुद्दल जेवढे फिटले, जवळजवळ तेवढीच गाडी झिजली होती. गाडी आपली होते आहे या समाधानात मालक-चालक स्वतःचा पगार विसरतो. मीही विसरलो होतो, आणि माझ्यासारखे अनेक जण विसरतात म्हणूनच बाजारातले भाडे एवढे खाली राहू शकते असे माझे मत झाले आहे. पगारी चालक ठेवणाऱ्या मालकाला त्या ३८,५०० मध्ये फेरी करता येणारच नाही.

गाडी विकण्याचा विचार त्या उन्हाळ्यात गंभीरपणे झाला. ती विकली नाही, याचे कारण दशरथ.

वडोदऱ्याच्या उत्तरेला दशरथ येथे कंटेनर कॉर्पोरेशनचा अंतर्देशीय कंटेनर डेपो आहे. रेल्वेने आलेले डबे तिथून आसपासच्या कारखान्यांत जातात आणि भरलेले डबे तिथे येऊन रेल्वेने बंदराकडे निघतात. या जवळच्या फेऱ्यांना चालक मंडळी ‘लोकल’ म्हणतात आणि लांबचे चालवणारे त्यांच्याकडे कमीपणाने बघतात. मीही बघत असे, कारण फेरीचे भाडे ६,२०० रुपये ऐकून मला ते हास्यास्पद वाटले होते. ज्यांनी मला अंधारात डबा तपासायला शिकवले, त्याच काकांनी जून २०२३ मध्ये मला एकदा बसवून विचारले की ३८,५०० मधले सात हजार चार दिवसांत हवेत, की ६,२०० मधले साडेतीन हजार रोज हवेत. मी घरी येऊन डाव्या पानावर बसलो. मंजुसर किंवा हालोलची फेरी सरासरी नव्वद किलोमीटर, डिझेल पंचवीस लिटर, इतर खर्च साडेतीनशे. हातात सुमारे ३,६०० आणि वेळ नऊ तास. ताशी चारशे रुपये. न्हावा शेवाच्या पाचपट.

अर्थात हे काम रोज मिळत नाही. रेक, म्हणजे डब्यांची मालगाडी, आला की दोन दिवस झोपायला वेळ नसतो आणि नंतर दोन दिवस फोन वाजत नाही. गेटवर आधी पोहोचणाऱ्याला आधी डबा मिळतो, म्हणून मी पहाटे साडेपाचला घर सोडतो. महिन्याला सरासरी बावीस फेऱ्या झाल्या. त्यांचे ७९,२०० होतात. हप्ता गेल्यावर ३५,८७८ राहतात, विमा-परमिटसाठी आठ हजार दोनशे आणि टायर-दुरुस्तीसाठी साडेसहा हजार दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकले की २१ हजारांच्या वर थोडे उरते. महिन्यातून एखादी सुरतजवळच्या हजिरा बंदराची फेरी मिळाली की त्यात पाच हजारांची भर पडते. म्हणजे सव्वीस हजार, माझ्या जुन्या पगारापेक्षा पाच हजारांनी कमी आणि भविष्यनिर्वाह निधी नाही. परंतु हा आकडा शून्याच्या वर होता, वहीत ‘पगार’ असा रकाना पहिल्यांदा भरला गेला आणि रात्री मी घरी जेवत होतो.

लांबच्या फेऱ्या पूर्ण सोडल्या नव्हत्या, आणि त्यांतली एक मला विसरता येत नाही. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत नव्या फौजदारी कायद्यातल्या अपघाताविषयीच्या तरतुदीविरुद्ध चालकांनी गाड्या थांबवल्या होत्या, त्यामुळे तुंबलेले काम मिळत होते म्हणून मी न्हावा शेवाचा डबा घेतला. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे डिसेंबरपासून जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली होती आणि त्यांच्या वेळा कोलमडल्या होत्या. माझ्या डब्याचे जहाज आधी दोन दिवसांनी आणि मग आणखी दोन दिवसांनी पुढे गेले. फॉर्म-१३ रद्द झाला, आणि दोनशे किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने मिळालेली ई-वे बिलाची, म्हणजे माल नेण्यासाठी लागणाऱ्या ऑनलाइन कागदाची, मुदत संपली. ती संपण्याआधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत वाढवून घ्यायची असते, आणि ज्यांनी वाढवायची त्यांचे कार्यालय रविवारी बंद होते. करळ फाट्याच्या अलीकडे मी चार रात्री काढल्या. ट्रॉलीच्या बाजूच्या पेटीतला स्टोव्ह काढून मी आणि राजस्थानचे दोन चालक एकत्र खिचडी करत होतो. त्या रस्त्यावर शेकडो गाड्या उभ्या होत्या आणि इतक्या माणसांसाठी जवळपास एक धड स्वच्छतागृह नव्हते. देशाच्या सगळ्यात मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एकाच्या दारात माणसांनी असे दिवस काढावेत, याचे मला आजही वाईट वाटते. हॉल्टिंगचे चार दिवसांचे सहा हजार मागितले, तेव्हा जहाज उशिरा आले यात निर्यातदाराचा दोष नाही, म्हणून ते देता येत नाही असे उत्तर आले.

परत आल्यावर मी लेखी कराराचा आग्रह धरला, आणि योगायोगाने कायदाही त्याच वेळी माझ्या बाजूला आला. मी उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म आणि लघु उद्योगांची सरकारी नोंदणी, आधीच करून ठेवली होती. ती विनामूल्य असते आणि वाहतुकीसारखी सेवा देणाऱ्यालाही मिळते. १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम ४३बी(एच)नुसार २०२३-२४ या वर्षापासून सूक्ष्म किंवा लघु उद्योगाची रक्कम मुदतीत दिली नाही, तर देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही. लेखी करार असेल तर ही मुदत जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवस, करार नसेल तर पंधराच दिवस. वाहतूकदाराच्या सीएने त्याला हे मार्च २०२४ मध्ये सांगितले आणि त्या महिन्यात माझी जुनी सगळी बाकी एकदम जमा झाली. पाटल्या घरी आल्या.

करार एका पानाचा आहे. कारखान्यात आठ तासांनंतर हॉल्टिंग लागू होईल आणि ते वाहतूकदाराने द्यायचे, त्याला वरून मिळो वा न मिळो. पोहोच-पावतीपासून तीस दिवसांत रक्कम. उचलतानाच्या ईआयआरवर नोंदलेल्या नुकसानीची कपात नाही. ही तीन कलमे त्याने मान्य केली. चौथे कलम डिझेलच्या भावाबरोबर भाडे वर-खाली करण्याचे होते. ते त्याने मान्य केले नाही, कारण त्याच्या ग्राहकांनी त्याला ते दिलेले नाही. आठ तासांच्या कलमाचा परिणाम पैशांपेक्षा वेळेत जास्त दिसला. ज्या कारखान्यात माझी गाडी दुपारपर्यंत रांगेत असे, तिथे वाहतूकदाराचा माणूस आता सकाळीच फोन करून माल तयार आहे का ते विचारतो.

मार्च २०२४ मध्येच फक्त मालगाड्यांसाठी असलेल्या पश्चिम मालवाहतूक मार्गिकेचा न्यू मकरपुरा ते न्यू घोलवड हा २४४ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. न्हावा शेवापर्यंतचा भाग तेव्हा बाकी होता, तरी लांबचे डबे हळूहळू रेल्वेवर जाणार हे स्पष्ट दिसते. रेल्वेच्या भाड्याशी ट्रेलरने पाचशे किलोमीटरवर स्पर्धा करू नये. रेल्वे कारखान्याच्या दारापर्यंत येत नाही, आणि ते शेवटचे वीस-चाळीस किलोमीटर कोणालातरी चालवावेच लागणार आहेत. आपली गाडी त्या तुकड्यासाठी ठेवावी, असे मी ठरवले आहे. लोकल कामातही धोका नाही असे नव्हे. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदीची पातळी पस्तीस फुटांच्या वर गेली आणि निम्मे शहर पाण्यात होते, तेव्हा गाडी दशरथजवळ उंचावर सुरक्षित उभी होती, पण आठवडाभरात एकच फेरी झाली. पाच तारखेचा हप्ता वेळेवर गेला तो दुरुस्तीच्या खात्यातून.

गेल्या दिवाळीत वाहतूकदाराने मला दुसरी गाडी घेण्याचे सुचवले. काम आहे, चालक मी देतो, तुम्ही फक्त पैसे घाला, असे तो म्हणाला. आम्ही वहीत नवे पान उघडले. बावीस फेऱ्यांचे तेच ७९,२००, हप्ता तेवढाच धरला, विमा आणि टायरचे तेच. चालकाचा पगार आणि भत्ता मिळून पंचवीस हजार धरल्यावर बेरीज उणे चार हजारांवर आली. स्वतः चालवतो म्हणून मला जे एकवीस हजार उरत होते, ते गाडीचे उत्पन्न नव्हतेच. ती माझ्या मजुरीची रक्कम होती आणि तीही बाजारभावापेक्षा कमी. मी त्याला नकार कळवला आणि त्याऐवजी फेरीमागे चारशे रुपये वाढवून मागितले. अडीचशेवर तडजोड झाली. आता लोकल फेरीचे भाडे ६,४५० रुपये आहे, आणि हप्ते संपल्यावर त्या रकमेतले वीस हजार दरमहा पुढच्या घोड्यासाठी बाजूला टाकायचे, असे पत्नीने वहीच्या शेवटच्या पानावर आधीच लिहून ठेवले आहे.